मुंगी बघणारे भाऊजी

भाऊजी, भांडण अर्धं टाकून जायची तुमची सवय नव्हती. ऑफिसात आपलं कधी वाजलं की तुम्ही डबा खाऊन, हात धुऊन परत माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा. "हां वहिनी, कुठवर आलतो आपण?" म्हणून जिथं तुटलं तिथूनच पुढं सुरू. यावेळी मात्र उठून गेलात ते गेलातच. आता समोर तुमचा फोटो आहे, त्याला हार घातलाय. फोटोशी काय भांडायचं, असं तुमची बायको पद्मा म्हणाली. मी म्हटलं, माणूस ऐकत नव्हता, निदान फोटो तरी ऐकेल.

पेपरात तुमच्याबद्दल 'शांत आणि मितभाषी' असं छापून आलंय. वाचून हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. मितभाषी म्हणे! आमचे मालक, तुमचे दोस्त आणि भागीदार, गेले आणि मी फौंड्रीची पायरी चढले, त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी वाद घातलाय. मला साचा कशाला म्हणतात आणि भट्टी कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं. भावकीतले सगळे म्हणत होते, भूपाल, मित्राचा हिस्सा विकत घेऊन टाक आणि बाईला घरी बसव. तुम्ही त्यांना काय सांगितलं ते मला पुढं कळलं. "वहिनींचा आवाज ऐकलाय न्हवं का? भट्टी चालू असताना बी शेडच्या त्या टोकाला जातूय. असा माणूस घरी बसवून काय करू?" म्हणजे माझ्या ज्या आवाजावर तुम्ही मला धंद्यात उभं केलंत, त्याच आवाजावरून शेवटचं भांडण झालं.

ते भांडण आज संपवते. काल आपला नवा मिक्सर पहिल्यांदा पूर्ण भरून चालवला. काय झालं ते सांगते, पण सगळं नीट पहिल्यापासून सांगते, कारण मधलं काहीतरी गाळून मी आपलीच बाजू सांगते असं तुम्ही नेहमी म्हणायचा.

आपला धंदा लोखंड वितळवून साच्यात ओतायचा, आणि साचा वाळूचा. त्या वाळूत माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून ती कणकेसारखी मळावी लागते. ते काम मिक्सरचं. कमरेएवढी खोल लोखंडी परात, तिच्यात दोन जाडजूड चाकं आणि वाळू उलथणारी पाती. जुन्या मिक्सरनं मान टाकली म्हणून नवा, त्याच्या दुप्पट मोठा मागवला. आला तेव्हा मी त्याच्याभोवती नव्या म्हशीला बघावं तशी फिरले. तुम्ही मात्र लांब उभे राहून कपाळाला आठ्या घालून म्हणालात, "वहिनी, परात लई खोल हाय. आत कोण बसला तर भायेरनं दिसायचा न्हाय."

मला राग आला. आलेल्या पाहुण्याला दारातच नाव ठेवावं तसं वाटलं मला ते. पण तुमचं असंच होतं. नवं मशीन आलं की सगळ्यांच्या तोंडात पेढा आणि तुमच्या तोंडात 'सावकाश'. आधी पट्टे काढून नुसती मोटर फिरवायची, ती सुलटी फिरते की उलटी ते बघायचं. मग परात रिकामी फिरवायची. मग थोडी वाळू, मग अर्धी. गिअरबॉक्समधलं पहिलं तेल काढून टाकायचं, कारण नवे दात एकमेकांना घासून बसतात तेव्हा लोखंडाची बारीक पूड त्या तेलात उतरते. तुम्ही ते तेल चिमटीत घेऊन उन्हात धरायचा. चांदीसारखं चमकलं की म्हणायचा, अजून न्हाय. पायाचे बोल्ट परत आवळायचे, बेअरिंगला हात लावून बघायचा. मशीन देणाऱ्या कंपनीचा माणूस कंटाळून चहा प्यायला जायचा, पण तुम्ही हलायचा नाही.

आणि चालू करायच्या आधीची तुमची ती पद्धत! मेन स्विचला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. मग एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि त्यानं जिथं असेल तिथून "हाय!" म्हणून ओरडायचं. मग शिडी लावून तुम्ही परातीत डोकावायचा, अगदी कोपरान् कोपरा. पोरं हसायची. भूपालण्णा जैन आहेत, आत मुंगी-पाल मरू नये म्हणून बघतात, असं सगळ्या एमआयडीसीत झालं होतं. खरंच तुम्ही मुंग्या झाडायचा, मी बघितलंय, हातरुमालानं. एकदा मी चिडून म्हटलं, इथं माणसं खोळंबलीत आणि तुम्ही मुंग्या कसल्या बघताय? तुम्ही शिडीवरूनच म्हणालात, "मुंगी दिसंपर्यंत बघितलं की माणूस चुकून ऱ्हात न्हाय, वहिनी." मी तोंड वाकडं केलं आणि निघून गेले.

मुहूर्ताचा दिवस तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही कुठं का असाना. शेडला तोरण बांधलेलं, शेजारच्या फौंड्रीवाले आलेले. प्रमुख पाहुणे म्हणून आपल्या इंडस्ट्रीतले एक ज्येष्ठ गृहस्थ बोलावलेले. राधानगरीकडून माझा भाऊ आनंदा आलेला, पांढरीशुभ्र कापडं घालून, घरच्या तांदळाचं पोतं घेऊन. त्यानं उभ्या आयुष्यात फौंड्री बघितली नव्हती. मशीनवर हळदकुंकू वाहिलं, मी नारळ फोडला. फोडला म्हणजे माझ्या पद्धतीनंच फोडला. एक भकल हातात राहिलं आणि दुसरं उडून कुठं गेलं ते कुणी बघितलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते.

मुहूर्ताची वेळ टळत चालली होती आणि तुमचं हाका मारणं चाललेलं. "मारुती!" "हाय!" "सदा!" "हाय!" भट्टीचा पंखा घोंघावत होता, घामानं सगळ्यांचे सदरे चिकटलेले. पाहुणे दोनदा घड्याळाकडं बघून हसले. कुणीतरी मागून म्हणालं, आता अण्णा मुंगी हुडकणार. हशा पिकला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आपल्या शेडमध्ये, आपल्या पाहुण्यांसमोर, आपलंच हसं! मी अशी ओरडले की पंख्याचा आवाज खाली पडला असेल. "भाऊजी, पुरे झालं आता! आता कुणीही मध्ये एक शब्द बोलायचा नाही. साहेब, तुम्ही दाबा बटण!"

साहेबांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मिक्सर गप्प. साहेबांनी परत दाबलं, परत गप्प. कुणीतरी हसलं, कंपनीचा इंजिनिअर घाबरून पॅनेलकडं धावला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. किल्ली तुमच्या खिशात होती आणि तुम्ही शिडी चढत होता.

तुम्ही आत डोकावलात आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडला. एवढंच मला दिसलं. तुम्ही ओरडला नाही. हात खाली घातलात आणि हलक्या आवाजात म्हणालात, "पावणं, या. हळू या. माझा हात धरा."

परातीतून माझा आनंदा वर आला. एका हातात नारळाचं ते भकल, दुसऱ्या मुठीत अक्षता. मागच्या बाजूला वाळू काढायचं दार उघडं होतं, तिथून तो आत शिरला होता. त्याला सगळे घेरून उभे राहिले तर तोच लाजला. "देवाचं फोडल्यालं आत पडलं हुतं. ते काय वाळूत मळायचं व्हय? म्हणून काढाय गेलो." मी विचारलं, "अरे, हाका मारत होते, ऐकू आल्या नाहीत?" तर म्हणाला, "आल्या की. मला वाटलं पूजंतलंच कायतरी हाय. माझं नाव कुठं घेतलं?" आणि मग सहज, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आणि आक्का, तू हुतीस की तिथं. मी आत असताना तू कशी चालू करू देशील?"

भाऊजी, हे वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलंय. जेवताना वर येतं.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. रोज सूर्य मावळायच्या आत डबा उघडणारे तुम्ही, दिवस बुडाला तरी डबा तसाच. पाणीसुद्धा नको म्हणालात. सगळे पाहुणे पेढे घेऊन गेले. आनंदाला एसटीत बसवून दिलं. त्याला शेवटपर्यंत समजलंच नाही की आपण कशातून बाहेर आलो. मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. मला म्हणायचं होतं, माझा भाऊ तुम्ही मला परत दिला. शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि तोंडातून काय निघालं? "आधीच बघायला काय झालं होतं तुम्हाला?" तुम्ही मान हलवलीत. "व्हय, चुकलं. पावण्यांचंबी नाव घ्याय पायजे हुतं."

उपकार मानायचे राहिले ते राहिलेच. उद्या म्हणू, परवा म्हणू. आपण काय पाहुणे होतो एकमेकांचे, औपचारिक बोलायला? पण बोलायला पाहिजे होतं. आता म्हणते. माझा भाऊ आज घरी भाताची रोपं लावतोय ते तुमच्यामुळं. तुम्ही ऐकायला नाही याचा मला इतका राग येतो की हातातला कप आपटावासा वाटतो.

पुढं काही दिवस तुम्ही मिक्सर आधी रिकामा, मग अर्ध्या वाळूपर्यंत चालवत राहिलात, पहिलं तेलही बदललंत. मग एक दिवस ऑफिसात आलात, दार लोटून घेतलंत आणि म्हणालात, "वहिनी, एक सांगायचं हाय. चिडायचं न्हाय." तिथंच मी चिडले होते. तुम्ही सांगितलंत की आनंदा आत शिरताना मारुतीनं बघितलं होतं. मारुती, आपला मिक्सरवरचा माणूस, सगळ्यांत जुना. त्याला दारातून आत जाणारा पाय दिसला होता. तो बोलायला तोंड उघडणार एवढ्यात मी ओरडले की कुणी एक शब्द बोलायचा नाही. आणि तो गप्प बसला. तुम्ही त्याला एकट्याला गाठून विचारलंत तेव्हा ढसाढसा रडला म्हणे.

मी म्हटलं, खोटं आहे. मारुती माझ्या हाताखाली वाढलाय, माणूस आत असताना तो गप्प बसेल?

"तुमच्या हाताखाली वाढलाय म्हणूनच गप बसला."

असं कुणी कुणाला बोलतं का, भाऊजी? मग मीही सोडलं नाही. मी म्हटलं, इथं वितळलेलं लोखंड ओततात, बालवाडी नाही ही. माझा धाक आहे म्हणून पोरं बूट घालतात, चष्मा लावतात, दारू पिऊन कामावर यायची कुणाची टाप नाही. उद्या मी गोड बोलायला लागले तर एकेकाचे पाय भाजतील, मग तुम्ही मुंग्या झाडत बसा! तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. म्हणालात, "धाकानं बूट घालत्यात, मान्य. पण धाकानं तोंड उघडत न्हाईत. किल्ली माझ्या खिशात हाय तवर चाललं. मी काय कायमचा हाय व्हय हितं?"

मी म्हटलं, मरणाचं बोलून वाद जिंकायचा नाही.

तुम्ही हसलात. "बरं, उद्या बोलू," म्हणून उठलात. तो उद्या आलाच नाही. कसे गेलात ते मी इथं लिहिणार नाही, आणि ज्यांनी मला फोनवर खोदून खोदून विचारलं त्यांनाही मी सांगितलं नाही. पण एक सांगते. निरोप आला तेव्हा पहिला विचार तुमचा नव्हता, पद्माचाही नव्हता. पहिला विचार आला, आता मला थांबवणार कोण? आणि मला भीती वाटली. मालक गेले तेव्हाही वाटली नव्हती अशी.

तुमच्या घरचं सगळं उरकल्यावर पद्मानं रुमालात बांधून ती किल्ली मला पाठवून दिली. इकडं मिक्सर अर्ध्या वाळूवर अडकलेला. पूर्ण भरायला तुम्ही 'हां' म्हटलं नव्हतं. जुना मिक्सर तर मोडीत निघालेला. साचे बनवणारी पोरं हात बांधून बसलेली, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. मला कुणीच काही म्हणत नव्हतं, हीच पंचाईत. मी 'भरा' म्हटलं असतं तर भरला असता. तेल न बघता, बोल्ट न आवळता. एकानंही 'अण्णा काय म्हणले हुते' असं विचारलं नसतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले असते. चार दिवस मी शेडमध्ये पाय ठेवला नाही, एवढी मला माझ्याच जिभेची धास्ती वाटत होती.

काल शेवटी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. दुसऱ्यांदा घातलेलं तेल काढलं. मी चिमटीत घेऊन उन्हात धरलं, तुमच्यासारखं. साधं तेल होतं, चमक नव्हती. बोल्ट आवळून घेतले. आनंदाला मुद्दाम बोलावलं होतं. त्याला जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं केलं आणि सांगितलं, तुझंही नाव घेणार आहे, ओरडायचं. मग परात रिकामी असतानाच शिडी चढले. या वयात, लुगडं सावरत. कुणी हसलं नाही. आत बघितलं, अगदी तुमच्यासारखं, कोपरान् कोपरा. एक मुंगी होती, भाऊजी. पदरानं काढली.

मारुतीनं मागचं दार लावलं, परात भरली. मी एकेकाला हाक मारली. मारुती, सदा, इंजिनिअर, सगळे. "आनंदा!" "हाय गं आक्का!" आवाज पट्ट्याच्या बाहेरूनच आला ना, ते मी वळून बघितलं. मी कुलूप काढलं, मेन स्विच वर केला, किल्ली मुठीत धरली. दुसरा हात बटणाकडं नेला. सगळं नीट झालं होतं. काही राहिलं नव्हतं. मनात म्हटलंसुद्धा, बघा भाऊजी, जमतंय की मला.

"थांबा!"

शेड हादरली त्या आवाजानं. मारुती होता. "वहिनीसाहेब, थांबा! हात काढा!"

माझा हात तसाच. खरं सांगते, माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं माझ्या हातानं बघून झाल्यावर हा कोण मला अडवणारा, सगळ्यांसमोर? शिवी जिभेवर आली होती. बाकीची पोरं माझ्याकडं नव्हती बघत, मारुतीकडं बघत होती, की आता याचं काय खरं नाही. पण मारुती मागं सरला नाही. त्यानं स्विच खाली ओढला, कुलूप घातलं आणि माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. "किल्ली द्या."

मी दिली.

तो मागं गेला, मोटरच्या पट्ट्यावर लावलेल्या जाळीमागं वाकून बघितलं, खाली झोपून बघितलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो उठला, अंगाला वाळू लागलेली, आणि मान खाली घालून माझ्यापुढं आला. "काय न्हाय, वहिनीसाहेब. जाळीमागं कोणतरी हाय असं वाटलं. सावली हुती पत्र्याची. चुकलं माझं."

तो शिव्यांची वाट बघत उभा होता, भाऊजी. आणि मी, जिचा आवाज शेडच्या त्या टोकाला जातो म्हणून तुम्ही मला इथं आणलंत, मी तिथं नुसती ओठ हलवत उभी. शेवटी कसंबसं म्हटलं, "काही चुकलं नाही. परत वाटलं तर परत थांबव." त्यानं मान वर केली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मग मी तिथंच, सगळ्यांसमोर, पालथ्या पाटीवर बसून रडले. आनंदा पाणी घेऊन धावला. पोरांना वाटलं तुमच्या आठवणीनं रडतेय, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग मिक्सर चालू केला, भरून. बरा चाललाय. बेअरिंग गरम नाही, आवाज एकसारखा. धाकाचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, हे सांगून ठेवते. बूट घातले नाहीत तर मी ओरडणारच. पण जाळीमागं कुणी नव्हतं, भाऊजी. काहीसुद्धा नव्हतं. आणि तरी त्यानं मला थांबवलं.